सरकारी कचेरीत जागा कमी की अडगळ जास्त? (सोलापूर)

होटगीरोडकर
कुठल्याही खात्यात नवा साहेब आला की पहिली मागणी ठरलेली. जागा अपुरी पडते, नवीन इमारत द्या. मग प्रस्ताव, अंदाजपत्रक, भूमिपूजन, आणि तोवर भाड्याची जागा. भाडं अर्थात आपल्याच खिशातून.

माझं म्हणणं असं की सोलापुरात बऱ्याच ठिकाणी जागा कमी नाहीच. ती कपाटांनी, मोडक्या खुर्च्यांनी आणि बेवारस गठ्ठ्यांनी खाल्लीय. परवा एका कार्यालयात तासभर बसून होतो. खोलीला तीन मोठ्या खिडक्या, तिन्हींसमोर लोखंडी कपाटं उभी. त्यामुळे भरदुपारी ट्यूबलाइट. पंखा फिरतोय तो कपाटांवरच्या गठ्ठ्यांची धूळ उडवायला. बाहेर 42 डिग्री आणि कामाला आलेली माणसं व्हरांड्यात उभी. कारकुनासमोर एक खुर्ची होती, तिच्यावर झेरॉक्सच्या कागदाचं खोकं.

नवीन बांधकाम न करता ही जागा मोकळी होऊ शकते का? कुणी करून दाखवलंय का? आतल्या लोकांनीही लिहा, शिव्या घालणार नाही.

चादरवाला
शिव्या घालणार नाही म्हणतोस आणि धाग्याच्या नावातच अडगळ. काय बे.

सात_रस्ता
तासभर बसायला खुर्ची मिळाली म्हणजे व्हीआयपीच की तुम्ही. ते खोकं तुम्हीच उचललं असणार.

माजी अव्वल कारकून
आतला माणूस लिहितोय, म्हणजे होतो. महसुलात नोकरी गेली, आता पेन्शनर.

होटगीरोडकर, तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे, पण कारण तुम्हाला वाटतं ते नाही. कागद कुठं ठेवायचा आणि कधी फेकायचा याचे नियम आपल्याकडे चांगले आहेत. टेबलावरच्या कागदांना सहा गठ्ठा पद्धत आहे: चालू प्रकरणं, उत्तराची वाट बघणारी, नियतकालिक विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडं पाठवायची आणि नष्ट करायची. शिवाय अभिलेखांचे वर्ग ठरलेले. 'अ' कायमचा, 'ब' 30 वर्षं, 'क' 10 वर्षं, 'क-1' 5 वर्षं, 'ड' 1 वर्ष. प्रकरण संपलं की त्याच कारकुनानं वर्ग टाकून ते रेकॉर्डला पाठवायचं.

घोडं अडतं ते पाचव्या आणि सहाव्या गठ्ठ्यात. वर्गीकरण करायला बसायचं तर रोजचं टपाल कोण बघणार? निम्मी पदं रिकामी, एकेका माणसाकडं दोन-दोन संकलनं, म्हणजे दोन-दोन टेबलांचं काम. मग वर्ग न टाकताच गठ्ठा बांधून कपाटावर. बदलीत नवा माणूस येतो, त्याला आत काय आहे माहीत नाही, म्हणून तो हात लावत नाही. त्याच्यानंतरचा तर त्याला हात लावायलाही घाबरतो. अशी अडगळ एकावर एक चढत जाते.

सामानाचं तर अजून अवघड. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर असतो, तो नाझराच्या, म्हणजे सामानाचा हिशोब ठेवणाऱ्या कारकुनाच्या, डेडस्टॉक रजिस्टरला चढवलेला. खुर्चीचे दोन पाय गेले तरी रजिस्टरमध्ये ती धडधाकट. फेकली आणि उद्या ऑडिटनं विचारलं, कुठाय? तर वसुली नाझराच्या पगारातून. त्यामुळे ती जिन्याखाली जाते. ती काढायला निर्लेखन, म्हणजे रजिस्टरातून रीतसर कमी करणं, लागतं: यादी, समिती, किंमत ठरवणं, मंजुरी, लिलाव. लिलावाला बोली आली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि साहेबाचा एका जागचा कार्यकाळ साधारण तीन वर्षं. पहिलं वर्ष समजून घेण्यात जातं, तिसरं बदलीच्या धामधुमीत. मधल्या वर्षात तो खुर्च्यांच्या मागं लागेल का?

थोडक्यात, टाकून देण्यावर सही करायला कुणाचा हात उठत नाही.

होटगीरोडकर
अण्णा, तुमचा हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर डकवला पाहिजे. म्हणजे अडगळ ठेवणाऱ्याला काही होत नाही, काढणाऱ्याला होतं.

माजी अव्वल कारकून
हाव.

रेषाआराखडा
मूळ बार्शीचा, सध्या पुण्यात, धंद्यानं आर्किटेक्ट. दोन-तीन सरकारी कामं केलीत म्हणून बोलतो.

राष्ट्रीय इमारत संहितेत कार्यालयासाठी माणशी 10 चौ.मी. धरतात. तो हिशोब मुख्यतः आग लागली तर किती लोक बाहेर काढायचे यासाठी असतो, पण ढोबळ अंदाजाला बरा. जुन्या कचेऱ्यांत भिंती सोडून जागा मोजली तर माणशी इतकी भरते, कधी जास्तही. पण वापरात किती असते बघा. कपाटाला समोर दार उघडायची जागा लागते, ती सोडली की खोलीचा चांगला हिस्सा गेला. शिवाय कपाटं भिंतीला लावलेली नसतात, ती पार्टिशन म्हणून वापरतात. दोन शाखा एका खोलीत असल्या की मधे कपाटांची रांग. 'आमची शाखा इथपर्यंत' हे सांगायला.

दुसरं म्हणजे आराखडा काढतानाच अभ्यागत धरलेला नसतो. कर्मचारी किती, साहेबांचं दालन केवढं, बैठक कक्ष केवढा, सगळं विचारतात. रोज किती लोक येतात आणि ते कुठं उभे राहतात हे मला एकाही बैठकीत कुणी विचारलं नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, 'व्हरांडा आहे की'.

चादरवाला
आमच्या कारखान्यात एवढा माल जिन्याखाली पडला असता तर आमच्या आजोबांनी मलाच भंगारात घातलं असतं. टॉवेलचा एक गठ्ठा महिनाभर हलला नाही की त्याचं व्याज डोळ्यांसमोर नाचतं. सरकारला जागेचं भाडं दिसत नाही, त्याचा हा सगळा परिणाम. प्रत्येक शाखेच्या नावावर चौरस फुटाचं भाडं टाका, बघा कपाटं कशी हलतात.

सात_रस्ता
भाडं टाकलं तर शाखा भाडं मंजूर करायचा प्रस्ताव पाठवेल. त्या प्रस्तावाची फाईल ठेवायला अजून एक कपाट.

मोडीवाचक
इथं सगळे फेका फेका म्हणताहेत म्हणून कळकळीनं लिहितोय.

2023 मध्ये न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा काय झालं आठवा. तहसिलांची रेकॉर्ड रूम उघडली, रुमालात बांधलेली दप्तरं बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून शोधून बोलावलं. गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुक, त्यातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. शंभर वर्षांपूर्वी कुणा कोतवालानं सांगितलेलं आणि कुणी तरी बोरूनं लिहिलेलं. त्या एका ओळीवर आज लोकांचे दाखले निघतात. ज्या ठिकाणी 'जागा मोकळी करा' मोहीम कुणी उत्साहात राबवली असेल, तिथल्या लोकांनी काय करायचं?

शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 आहे. नियम सोडून अभिलेख नष्ट केला तर शिक्षेची तरतूद आहे. कारकून घाबरतो ते उगाच नाही.

एका ठिकाणी मी स्वतः पाहिलंय. रुमाल सोडला तर आत वाळवीनं नकाशा काढलेला. वरचं पान आणि खालचं पान शाबूत, मधे भोक. ती दप्तरं जपली म्हणून नव्हे, विसरली म्हणून उरली होती.

रेषाआराखडा
मोडीवाचक, तुमचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूनं आहे. सगळंच ठेवतो म्हणून जे खरंच ठेवायचं ते नीट ठेवलं जात नाही. कोतवाल बुक आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या स्टेशनरीच्या मागणीपत्राची स्थळप्रत (कार्यालयात ठेवायची प्रत) एकाच कपाटात, एकाच वाळवीच्या तोंडी. 'ड' वर्गाचा कचरा गेला तर 'अ' वर्गाला रॅक, हवा आणि कुलूप मिळेल.

आणि आगीचं विसरू नका. 21 जून 2012 ला मंत्रालय जळलं तेव्हा वरच्या मजल्यांवर नुसते कागद होते.

मोडीवाचक
'ड' वर्ग कुणी ठरवायचा हा प्रश्न आहे. घाईत ठरवलेला नको, एवढंच.

भीमाकाठ
तुम्ही खोल्यांचं बोलताय, मी अंगणाचं बोलतो. आमच्या तालुक्याच्या कचेरीत मोटरसायकल लावायला जागा नाही. का? तर वाळूचे पकडलेले टिपर आणि ट्रॅक्टर. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली गाडी पकडतात, दंड ठोकतात. दंड गाडीच्या किमतीच्या वर गेला की मालक फिरकत नाही. मग लिलाव, अपील, स्थगिती. तोवर टायर जमिनीत रुतलेत, बोनेटमधून बाभूळ आलीय. एका टिपरच्या हौद्यात पावसाचं पाणी साठून डासांची शाळा भरते, आणि शेजारी आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस पाळा' असा बोर्ड.

सात_रस्ता
बाभूळ सरकारी की मालकाची? पंचनामा झाला का?

भीमाकाठ
झाला असेल तर त्या फाईलवर कपाट बसलंय.

इंदू_मोहोळ
मी सध्या नोकरीत आहे, खातं सांगत नाही.

वर सगळे कागद आणि कपाटांवर बोलताहेत. आमच्या इथं महिला कक्ष म्हणून खोली आहे, दारावर पाटीसुद्धा आहे. आत निवडणुकीचं साहित्य. पत्र्याच्या पेट्या, मतदान कक्षाचे पुठ्ठे, सुतळी, लाखेच्या कांड्या. मतदान यंत्रांना गोदाम असतं, निकालानंतर याचिकेची 45 दिवसांची मुदत संपेपर्यंत सीलबंद ठेवण्याचा नियम असतो, सगळं शिस्तीत. बाकीचं किरकोळ साहित्य मात्र 'पुढच्या निवडणुकीला लागेल' म्हणून जिथं बायका बसणार होत्या तिथं. लेकुरवाळी मुलगी दुपारी बाळाला पाजायला कुठं जाते, तर रेकॉर्ड रूममध्ये, दोन रॅकच्या मधे.

उलट खालच्या हॉलमध्ये फिरतीवरच्या लोकांची टेबलं आठवड्यातले बरेच दिवस रिकामी. मंडळ अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) मीटिंगच्या दिवशी येतात. त्यांच्या टेबलावर बाकीचे दिवस डबे ठेवतात.

रेषाआराखडा
हीच तर जागा! फिरतीवरच्यांना मिळून दोन-तीन टेबलं सामायिक करा, प्रत्येकाला कुलपाचा एक कप्पा. खासगी कंपन्यांत सर्रास चालतं.

माजी अव्वल कारकून
साहेब, कागदावर छान आहे. पण सरकारात टेबल म्हणजे पद. टेबल काढलं की माणसाला वाटतं आपलं पदच काढलं. संघटना निवेदन घेऊन येईल. आणि खरी अडचण वेगळीच आहे. त्या टेबलाच्या खणात शिक्के असतात, पावती पुस्तकं असतात, अर्धवट प्रकरणं असतात. सामायिक टेबलावर पावती पुस्तक हरवलं तर जबाबदार कोण?

इंदू_मोहोळ
अण्णा, कुलपाचा कप्पा म्हटलंय की त्यांनी. पद खणात नसतं. आणि संघटनेत आम्हीही आहोत, महिला कक्षासाठी निवेदन दिलं होतं, त्याचं काय झालं ते विचारा.

माजी अव्वल कारकून
यावर माझ्याकडं उत्तर नाही ताई.

पेठेतला_प
एवढं सगळं ई-ऑफिस आल्यावर आपोआप जाणार नाही का? सातबारा 2018 पासून डिजिटल सहीचा मिळतो. पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या दारात बसावं लागायचं. लोक आलेच नाहीत तर जागा कशाला लागेल?

इंदू_मोहोळ
आपोआप काही जात नाही. आमच्याकडं टपाल येतं ते बारनिशीत (आवक-जावक शाखेत) नोंदवतो, स्कॅन करतो, संगणकावर चढवतो, आणि मग मूळ कागद 'सध्या राहू दे' म्हणून फाईलला लावतो. आता कागदही आहे, स्कॅनही आहे आणि स्कॅनरचं टेबलही. जुने जाड मॉनिटर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कोपऱ्यात रचलेत. ई-कचऱ्याच्या नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडंच द्यायचे, रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नाही. बरोबरच आहे, पण असा माणूस दारात येऊन चार मॉनिटर नेत नाही. त्याला ट्रक भरेल एवढा माल लागतो.

चादरवाला
मग सगळ्या खात्यांनी मिळून एकदाच ट्रक भरा की!

सात_रस्ता
सगळ्या खात्यांनी मिळून. हा हा हा. मालक, तुम्ही विनोदी लिहीत जा.

पार्क_चौक
जरा अवांतर. जागेचं बोलायलेत तर इंद्रभुवनाचं कुणीच काढेना. आप्पासाहेब वारदांनी बांधलेली वास्तू, पुढं महापालिका तिच्यात आली. सोलापूरची महापालिका 1 मे 1964 ची. राहण्यासाठी बांधलेल्या देखण्या घरात शहराचा कारभार घुसवला तर जे होणार तेच झालं. नक्षीच्या खांबाला वायरी गुंडाळलेल्या, कमानीखाली कपाटं. अलीकडं तिचं जतनकाम झालं तेव्हा पहिल्यांदा लोकांना कळलं की आत एवढं बघण्यासारखं आहे.

माझं मत, वारसा इमारतीत महत्त्वाचे कक्ष आणि सभा ठेवाव्या. कर भरणा, दाखले, गर्दीची कामं विभागीय कार्यालयांत. गर्दी आणि नक्षी एकत्र नांदत नाहीत.

रेषाआराखडा
सहमत. आणि जुन्या इमारतींना नावं ठेवणाऱ्यांनी एप्रिलमध्ये सोलापुरात येऊन बसावं. उंच छत, जाड भिंती, खोल व्हरांडा ही उन्हावरची सोय होती. आपण काय करतो, व्हरांड्याला ॲल्युमिनियमच्या काचा लावून तिथं एक शाखा बसवतो. जागा मिळाली म्हणून फोटो काढतो. मग आतली खोली तापते, एसी येतो, त्याचं गरम वारं उरलेल्या व्हरांड्यात उभ्या लोकांच्या तोंडावर.

पेठेतला_प
व्हरांड्याचा विषय निघालाच आहे तर, कचेऱ्यांबाहेर अर्ज लिहून देणारे आणि स्टॅम्प वेंडर असतात ना, त्यांच्याकडून शिका. एक स्टूल, एक टेबल, एक छत्री. त्यात टाईपरायटर, तिकिटं, शिक्क्याची डबी, डबा आणि दोन पक्षकार.

चादरवाला
आणि डब्यात कडक भाकरी, शेंगा चटणी. ती आठ दिवस टिकते, रेकॉर्ड रूमलाही चालेल.

पार्क_चौक
शेंगा चटणी कुणाची चांगली यावर वेगळा धागा काढा, इथं मारामाऱ्या नकोत.

(यापुढचे सहा प्रतिसाद चटणीवर होते, ते दुसऱ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

भीमाकाठ
धागा परत रुळावर. राज्य सरकारच्या 2025 च्या 100 दिवसांच्या कार्यक्रमात कार्यालयांची स्वच्छता हा मुद्दा होता की. जुने अभिलेख लावा, नादुरुस्त वाहनं काढा, लोकांसाठी पाणी आणि बसायची सोय करा. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडून मूल्यमापनही झालं. कुणाला फरक दिसला का?

सात_रस्ता
दिसला. कुंड्या आल्या.

इंदू_मोहोळ
कुंड्यांवर हसू नका, काही ठिकाणी खरंच काम झालं. आमच्या शेजारच्या कार्यालयात बंद पडलेल्या दोन जीपा हलल्या. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी एप्रिल 2023 पासून नव्यानं होत नाही, त्यामुळे 'दुरुस्त करू' म्हणायचा मार्गच बंद झाला. मला वाटतं त्यामुळेच सही सोपी झाली. निर्णय नियमानंच करून टाकला.

केंद्राची कार्यालयंही 2021 पासून दरवर्षी 2 ते 31 ऑक्टोबर विशेष मोहीम घेतात, त्यात किती चौरस फूट मोकळी झाली आणि भंगारातून किती पैसे आले याचे आकडे द्यावेच लागतात. आकडा वर द्यायचा म्हटलं की जिन्याखालचं दिसायला लागतं.

माजी अव्वल कारकून
होटगीरोडकरांनी विचारलं होतं, कुणी करून दाखवलंय का. तरुण मंडळींना ठाऊक नसेल, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला नगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी केलं. 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यभर नाव झालं. इमारत तीच, माणसं तीच. जुने कागद वर्गवारी करून मार्गी लावले, बसण्याची मांडणी बदलली, आलेल्या माणसाला कुठं जायचं ते कळेल असं केलं. आमच्या वेळी प्रशिक्षणात ते सांगायचे. अलीकडं पुणे विभागात आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सी, म्हणजे एकही प्रकरण तुंबू न देण्याची मोहीम, आणली, सोलापूर त्याच विभागात. तेव्हा आम्ही रविवारी येऊन गठ्ठे लावलेत. नाकाला रुमाल बांधून.

होटगीरोडकर
मग ते टिकलं का नाही?

माजी अव्वल कारकून
लावलेलं टिकलं. पण पुढचे गठ्ठे परत कपाटावर चढले, कारण मोहीम संपली आणि रोजच्या कामात वर्गीकरणाला वेळ कुणी दिला नाही. रेकॉर्ड कीपरचं पद रिकामं असेल तर लखीना स्वतः आले तरी काय करणार?

रेषाआराखडा
म्हणजे नव्या इमारतीच्या एका मजल्याच्या खर्चात किती रेकॉर्ड कीपर येतील याचा हिशोब कुणी मांडत नाही. बांधकामाला निधी असतो, पदाला नसतो. फीत इमारतीची कापता येते.

होटगीरोडकर
बरं, आता नेमकं सांगा. समजा उद्या एखादा साहेब म्हणाला की नवी इमारत नको, याच जागेत करून दाखवा. सुरुवात कुठून?

माजी अव्वल कारकून
सगळ्या कार्यालयाला हात घालायचा नाही. एकच शाखा घ्यायची, जिथं लोकांची गर्दी जास्त. बुधवारी दुपारी तीननंतर त्या शाखेचं टपाल दुसऱ्यानं बघायचं आणि तिथल्यांनी फक्त वर्ग टाकायचा, तसा लेखी कार्यालयीन आदेश काढायचा. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या बुधवारीच मोडतं. नष्ट करायच्या यादीवर एकट्या कारकुनाची सही नको, शाखाप्रमुख आणि साहेब दोघांची हवी. वरच्यानं सही केली की खालचा घाबरत नाही. खुर्च्यांची यादी नाझराकडून त्याच वेळी घ्यायची, लिलाव मात्र सगळ्या शाखांचा एकत्र. तेवढं चादरवाल्यांचं खरं आहे, माल भरपूर असला तर बोली येते.

इंदू_मोहोळ
आणि मोकळी झालेली पहिली खोली साहेबांच्या अँटीचेंबरला (दालनालगतच्या खासगी खोलीला) जाणार नाही हेही त्याच आदेशात लिहा.

सात_रस्ता
ताईंनी मुद्द्याला हात घातला.

मोडीवाचक
माझी एक अट. 'ड' म्हणून बाजूला काढलेले गठ्ठे जाण्याआधी मोडी येणाऱ्या माणसाला एकदा बघू द्या. माझ्या ओळखीचे चार-पाच जण फुकट यायला तयार आहेत, रविवारी सुद्धा.

माजी अव्वल कारकून
चांगलं आहे, पण असं इथं लिहून चालत नाही. बाहेरच्या माणसाला रेकॉर्ड रूममध्ये घ्यायचं तर परवानगी लागते. रीतसर अर्ज करा, बारनिशीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

सात_रस्ता
ती पोच नीट ठेवा. 'ब' वर्ग, 30 वर्षं.